मुळावरचं पोर

मी स्पर्धा परीक्षेच्या पोरांना इंग्रजी शिकवतो. इंदूरला हा धंदा पोह्यांच्या गाडीसारखा आहे, दर चौकात एक. टिकायचं तर मसाला वेगळा लागतो. माझा मसाला म्हणजे शब्दांची जन्मकथा. पोरं यादी घोकून घोकून वैतागलेली असतात, त्यांना शब्द कुठून आला ते सांगितलं की निदान दहा मिनिटं डोळे उघडे राहतात. या कथांमध्ये हमखास टाळी घेणारा शब्द म्हणजे डिझास्टर.

मी फळ्यावर एक चांदणी काढतो. खाली लिहितो, ॲस्टर, म्हणजे तारा. ॲस्ट्रॉनॉट त्यातलाच, ॲस्ट्रॉनॉमी त्यातलीच, मजकुराशेजारी टाकतात ती फुली, ॲस्टरिस्क, ती म्हणजे चिमुकला तारा. मग चांदणीच्या आधी डिस लिहितो. डिस म्हणजे वाईट, उलटं. इटलीतून फ्रान्समार्गे इंग्रजीत आलेला हा शब्द, आणि अर्थ एवढाच की तारा वाईट. जहाज बुडालं, शहर जळालं, राजा मेला, सगळं वरचा एक तारा वाकडा म्हणून. "जहाजाला भोक कुठे पडलंय ते कोणी बघत नव्हतं," मी म्हणतो, "सगळे मान वर करून उभे!" यावर पोरं हसतात. मीही हसतो, दरवर्षी, नव्यानं सुचल्यासारखा.

कोणी मराठी घरातलं असेल तर त्याच्याकडे वळून म्हणतो, तू काय हसतोस, आपल्याकडे तरी काय निराळं? अवदसा म्हणजे वाईट दशाच. कोणी राशीला येतो, कोणाची साडेसाती सुरू होते, कोणाचे ग्रह फिरतात. आकाश आपल्या बोलण्यात ठासून भरलंय. आणखी एक आहे, मुळावर येणं. तो मात्र मी वर्गात घेत नाही, कारण तो मला लहानपणी लावला गेला होता.

मी मूळ नक्षत्रावर जन्मलो, त्यातही पहिल्या चरणात. जुन्या समजुतीप्रमाणे हे चरण बापाच्या जिवावर उठतं. अशा मुलाचं तोंड बापानं पुन्हा तेच नक्षत्र येईपर्यंत पाहायचं नाही, मग शांती करायची आणि पहिल्यांदा पाहायचं ते काशाच्या वाटीतल्या तुपात पडलेलं प्रतिबिंब. माझे वडील सरकारी कचेरीत होते, हसरे होते, आणि त्यांना हे सगळं थोतांड वाटायचं. त्यांनी मला जन्मल्या जन्मल्या उचललं, शांतीबिंती काही केली नाही. मी रांगायला लागलो होतो तेव्हा ते मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून कामाला निघाले आणि मानपूरच्या घाटात ट्रकखाली गेले.

तेराव्याला आत्या चार लोकांत म्हणाली, पोरगं बापाच्या मुळावर आलं. मला अर्थातच ते आठवत नाही, पण अशी वाक्यं घरात राहतात, मोठं होताना कुठून ना कुठून कानावर पडतात. आईनं ते वाक्य माझ्यासमोर कधी उच्चारलं नाही. ते खोटं आहे, असंही ती कधी म्हणाली नाही. त्यामुळे ताऱ्यांवर हसणं ही माझी हौस नव्हती. तारे खरे असतील तर माझ्या बापाला मी मारलं, इतका साधा हिशेब होता, आणि तो हिशेब मला मान्य करायचा नव्हता.

लग्नानंतर बरीच वर्षं मूल झालं नाही. मग दिवस राहिले, तर आईनं काहीही नशिबावर सोडलं नाही. सिझेरियन करावं लागणार हे डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याबरोबर ती गुरुजींकडे गेली आणि भाद्रपदातल्या एकादशीची सकाळ काढून घेऊन आली, पितृपक्ष लागायच्या आत. डॉक्टरीणबाईंनाही सवय होती. त्यांनी डायरीत बघितलं आणि म्हणाल्या, "चलेगा माताजी, उस दिन दो और हैं." मी चिडलो, बायको हसली, आणि प्रकरण मिटलं.

पोराला एकादशी मान्य नव्हती. गौरी जायच्या दिवशी सकाळी बायकोच्या पोटात दुखायला लागलं. खोट्या कळा असतात असं आदल्या आठवड्यातच सांगितलेलं, म्हणून एक तास घेऊन येतो म्हणून मी वर्गावर गेलो. फळ्यावर चांदणी काढलेली होती, पोरं हसून झाली होती, तेवढ्यात खिशात फोन थरथरला. आई होती.

"मुलगा झाला. घाईनं ऑपरेशन केलं, दोघं ठीक आहेत," ती म्हणाली. "तू येऊ नकोस."

"म्हणजे काय?"

"आज गौरी कशावर गेल्या? मुळावर. आता तूच समज."

बाहेरच्यांना सांगायला हवं, आमच्याकडे गौरी अनुराधेवर येतात, ज्येष्ठेवर जेवतात आणि मुळावर जातात. त्यासाठी मराठी घरातल्या बाईला पंचांग उघडावं लागत नाही. आईनं त्याच सकाळी अक्षता टाकून गौरींना निरोप दिला होता, आणि तिचे हात अजून हळदीनं पिवळे होते. पोर पोटातून बाहेर आलं तेव्हा ते कुठल्या नक्षत्रावर आलं, हे तिला गुरुजींच्या आधी कळलं.

मी गेलोच. आमच्या भागातलंच छोटंसं प्रसूतिगृह, एकच जिना, वर चार खोल्या. आई दाराच्या चौकटीत दोन्ही हात पसरून उभी होती.

"अंदर नाही जायचं. बिलकुल नाही."

"आई, लोक बघतायत."

"बघू दे ना. पहिलं चरण आहे, मी गुरुजींना फोन लावून पक्कं केलं. फिरून मूळ येईपर्यंत तू त्याचं तोंड पाहायचं नाही. मग शांती करू, तुपात पाहा, मग जिंदगीभर पाहात बस."

"फोटो तरी?"

"फोटोचं शास्त्रात काही नाही म्हणाले गुरुजी. पण मी म्हणते रिस्क कशाला घ्यायचा?"

मी भांडायला तोंड उघडलं. माझा स्वभाव तापट आहे, आणि या विषयावर तर माझ्याकडे तासभराचं भाषण तयार असतं. पण तिनं चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली. एकदा पोळलेली बाई होती ती, आणि ताक फुंकून पिणाऱ्याला ताक थंड आहे हे पटवून देता येत नाही. मी म्हटलं, ठीक आहे.

सगळ्यांना मी सांगितलं की आईच्या समाधानासाठी ऐकलं. ते पूर्ण खरं नव्हतं. त्या चौकटीशी उभं असताना मी घाबरलो होतो, सरळ शब्दांत, भ्यायलो होतो. माझ्या बापानं हसत हसत आत पाऊल टाकलं होतं, आणि त्याचं काय झालं ते मला माहीत होतं. आईचे हात खाली आले असते तरी मी आत गेलो असतो की नाही, कोण जाणे.

मग सुरू झाला एक विचित्र संसार. बायको आत, मी व्हरांड्याच्या टोकाला, मध्ये एक भिंत, आणि आम्ही फोनवर बोलायचो. "जावळ दाट आहे रे. कान तुझ्यावर गेलेत, बिचारा," ती सांगायची. रडायला लागला की ती फोन त्याच्याजवळ धरायची, आणि मला तोच आवाज दोनदा ऐकू यायचा, एकदा भिंतीतून, एकदा कानात. पहिल्या दिवशी तिला गंमत वाटली. नंतर तिला ताप भरला, टाके दुखायला लागले, आणि ती एकदा फक्त म्हणाली, "ये ना रे आत." मी गेलो नाही.

दोन-तीन दिवसांनी पोर पिवळं पडायला लागलं. कावीळ बहुतेकांना होते, उन्हात धरा, असं आधी म्हणाले. मग रक्त तपासलं आणि लहान मुलांचे डॉक्टर गंभीर झाले. अनंत चतुर्दशीची दुपार होती. ते म्हणाले, दिव्याखाली ठेवावं लागेल, आमच्याकडे सोय नाही, नवलख्याकडच्या मुलांच्या दवाखान्यात मी फोन करून ठेवतो, आत्ताच निघा. ॲम्ब्युलन्स मागवली तर संध्याकाळच्या झांक्यांच्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीच्या बंदोबस्तात अडकलेली. "आपके पास गाड़ी है ना? बीस मिनट का रास्ता है," ते म्हणाले.

बायको उठू शकत नव्हती. माझ्या सासूबाई तिच्यापाशी थांबल्या. म्हणजे गाडी मी चालवणार आणि पोराला घेऊन आई बसणार. निघताना सिस्टर आईला दोनदा बजावून गेली, "माताजी, अभी चम्मच से दूध पिलाया है, मुँह खुला रखना, हाँ?" आईनं मान डोलावली.

तिनं मला जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून उभं केलं, शाळेत शिक्षा झाल्यासारखं, आणि पोराला घेऊन माझ्या मागच्या सीटवर बसली. मी गाडीत बसलो तर म्हणाली, "तो आरसा फिरव."

समोरच्या काचेवरचा आरसा, मागचं दिसायचा. त्यात तिच्या मांडीवरचं पोर दिसलं असतं. मी आरसा छताकडे वळवला. मुकाट्यानं वळवला, हे मला आज सांगतानाही खरं वाटत नाही. मागे दुपट्याची सळसळ झाली. तिनं त्याच्या तोंडावरून दुपटं ओढून घेतलं होतं. न जाणो, मी वळलो तर, काचेत दिसलं तर. मला ते ऐकू आलं, समजलं, आणि मी काही बोललो नाही. सिस्टरचं वाक्य आम्हा दोघांच्याही डोक्यातून साफ उडालं होतं. आम्ही दोघंही तेव्हा वरती मूळ नक्षत्राकडे बघत होतो.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत, त्या नदीकाठच्या जुन्या समाध्यांपर्यंत, सगळं ठीक होतं. मागून बारीक कुरकुर येत होती आणि ती येतेय तोवर माझा श्वास चालू होता. पुलापाशी बॅरिकेड लावलेले. पोलिसानं काचेवर टकटक केलं.

"इधर से नहीं, भिया. रास्ता बंद है. लालबाग तरफ से घूम के निकल जाओ."

"बच्चा बीमार है, भाई साब."

त्यानं वाकून मागे पाहिलं, त्याला दुपट्याची गुंडाळी दिसली, आणि खरंच वाईट वाटल्यासारखा तो म्हणाला, "आगे पूरा जाम है, फँस जाओगे. घूम के जाओ, जल्दी पहुँचोगे."

मी गाडी वळवली. गल्लीगल्लीतून घरचे गणपती निघालेले, कोणाच्या डोक्यावर, कोणाच्या हातगाडीवर, पुढे ढोल. एका वळणावर ढोलाच्या मागेच अडकलो. काचा बंद होत्या तरी आत गाडीचा पत्रा थडथडत होता. मी हॉर्न वाजवून, हात जोडून वाट काढली. ढोल मागे पडला, आवाज विरत गेला, आणि मग माझ्या लक्षात आलं की मागून काहीच ऐकू येत नाही.

"झोपला का गं?"

"हो. झोपला वाटतं."

"वाटतं म्हणजे?"

मी गाडी हळू केली.

"हलव त्याला जरा."

"हलवलं."

"मग?"

"हात ढिला पडतोय रे त्याचा."

लालबागेच्या भिंतीलगत मी गाडी बाजूला घेतली. मागे आईनं दुपटं काढलं असावं, कारण तिचा आवाज आता अगदी खालून, पोराच्या तोंडाजवळून यायला लागला. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशन बाळंतपण उरकल्यावर करू, असं म्हणून तिनंच पुढे ढकललेलं. तिला माणसं ओळखू येतात, गॅसची ज्योत दिसते, तिचं सगळं चालतं. पण रंग कळत नाहीत.

"मला समजत नाहीये," ती बडबडत होती. "पिवळट दिसतंय सगळं. हे ओठ काळे पडलेत का सावली आहे? अगं बाई गं, तळवे चोळतेय तर रडत पण नाही. नाकाशी हात धरलाय, पण माझ्याच हाताला घाम..."

मग ती थांबली. त्या थांबण्यात तिच्या मनात काय काय होऊन गेलं ते मला नंतर कळलं. तेव्हा फक्त पुढचा शब्द ऐकू आला.

"बघ."

मी बसून राहिलो. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे समोरच्या भिंतीवर. फार वेळ नाही, एखाद्या श्वासाचा असेल. पण त्या श्वासात मला माझा बाप आठवला, ज्याचा चेहरा मला फक्त फोटोतलाच आठवतो. वर्गात ताऱ्यांना हसणाऱ्या माणसाची मान वळत नव्हती.

"अरे बघ ना माझ्या राजा!" ती ओरडली. "मी सांगतेय ना, बघ!"

मी वळलो.

माझ्या मुलाला मी पहिल्यांदा पाहिलं ते असं. चेहरा हळदीसारखा पिवळा आणि ओठ जांभळे. एका नाकपुडीत फुटलेलं दूध पांढरं साचलेलं. कान खरंच माझ्यावर गेले होते. हे सगळं एका नजरेत दिसलं आणि त्याच क्षणी माझी भीती जी बदलली ती बदललीच. तारे कुठल्या कुठे गेले. पोराला श्वास येत नव्हता.

मी सीटांच्या मधून हात घालून त्याला ओढून घेतलं. कुठल्याशा दवाखान्यात भिंतीवर चिकटवलेलं चित्र डोक्यात होतं. त्याला हातावर पालथं घातलं, डोकं खाली, आणि पाठीवर तळव्यानं थापट्या मारल्या. एवढ्याशा पाठीवर किती जोरानं मारायचं, कोणाला ठाऊक? मारल्या. तोंडातून दुधाची गुठळी माझ्या मनगटावर पडली. मी बोटानं नाक पुसलं, पुन्हा थापट्या मारल्या. आणि मग त्यानं एक शिंक दिली, आचका दिला, आणि असं रडायला लागला की बाजूनं जाणारी स्कूटीवरची बाई थांबून आत डोकावली.

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी हसत होतो, रडतही होतो, त्याला छातीशी धरून काहीतरी अर्थ नसलेलं बोलत होतो. आईला दाखवायला वर पाहिलं.

ती पोराकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. कोणाला कायमचं सोडायला स्टेशनवर गेल्यावर माणसं बघतात, तसं. तिनं हात पुढे करून माझ्या छातीवर ठेवला आणि म्हणाली, "कोणाला सांगू नकोस. मी बघते काय करायचं ते."

पुढचा रस्ता पोराचं तोंड उघडं होतं आणि आरसा सरळ. दवाखान्यात त्याला निळ्या दिव्यांखाली ठेवलं, डोळ्यांना पट्टी बांधली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, कावीळ उतरेल, आणि दूध पाजल्यावर परत तोंड झाकू नका. मी मान खाली घालून ऐकलं. बायकोला फोन केला. सगळं ऐकून झाल्यावर तिचा रडका आवाज आला, "पाहिलंस ना शेवटी? कसा आहे?" मी म्हटलं, कान वाईट आहेत. ती हसली तशी टाके दुखून ओरडली.

आई बाकावर बसून होती. मी शेजारी बसलो तर म्हणाली, "छातीत काही होतंय का तुला?"

"नाही."

"चक्कर?"

"आई, मला काय होणार आहे?"

तिनं माझा हात ओढून घेतला आणि नाडी चाचपली. तिच्या दृष्टीनं काय झालं होतं, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. तिच्यासमोर दोघे होते, मुलगा आणि नातू, आणि तिनं एकाला वाचवायला दुसऱ्याला पुढे केलं होतं. बघ, या एका शब्दानं. तिला कोणीही सांगितलं असतं की असं काही नसतं, तरी तिच्या हिशेबात ते घडून गेलेलं होतं.

पोर बरं होऊन घरी आलं. बाहेरच्यांसाठी मी अजून त्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मध्ये पितृपक्ष गेला. वडिलांच्या तिथीला आई त्यांच्या फोटोसमोर इतका वेळ उभी राहिली की पानं वाढून गार झाली. ती मला स्कूटर घेऊ द्यायची नाही. क्लासवरून यायला उशीर झाला तर फाटकाशी उभी असायची. "ट्रैफिक फार होतं का?" एवढंच विचारायची. मी तिच्यावर खेकसायचो. आणि खरं सांगायचं तर मीही रस्ता ओलांडताना दोनदा बघायला लागलो होतो, ट्रक दिसला की गाडी हळू करायला लागलो होतो. छातीत गॅसची कळ आली की घाम फुटायचा. डिझास्टर या शब्दाचा धडा त्या महिन्यात एका नव्या बॅचला घ्यायचा होता. मी तो पुढे ढकलला.

मग मूळ परत आलं, नवरात्रात. घरीच शांती ठेवली. गुरुजी आले, कलश मांडले, होम पेटवला, पोराला लाल कापडात गुंडाळून सुपात निजवलं. कोणाच्या तरी ओळखीनं गाय दारात आणलेली, तिनं सूप हुंगलं आणि पोरानं तिच्या नाकपुडीकडे हात केला. सासूबाईंना हसू आलं. मलाही मोकळं वाटायला लागलं होतं. आता दोन तास, वाटीत पाहिल्याचं नाटक, आणि संपलं, असं मी मनाशी म्हणत होतो.

गुरुजींनी काशाच्या वाटीत तूप ओतलं आणि सहज विचारलं, "वडिलांनी अजून मुख पाहिलेलं नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.

"पाहिलंय," आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती पाटावर ताठ बसली होती.

"रस्त्यात पोराचा श्वास अटकला होता. मला दिसत नव्हतं. मीच त्याला बघ म्हणाले. तो वळत नव्हता, मी ओरडून वळवला."

गुरुजी भले माणूस. ते थोडे गडबडले, मग म्हणाले, "काही हरकत नाही, आजी. जीव वाचवायला पाहिलं, त्याला दोष नाही. शांतीत सगळं येतं."

"येतं ना? मग माझं पण घ्या त्यात," ती म्हणाली. तिनं कलशाशेजारची पळी उचलली, पंचपात्रातलं पाणी स्वतःच्या उजव्या तळहातावर घेतलं. कोणतंही दान पक्कं करायचं, संकल्प सोडायचा, तर असं पाणी हातावर घेऊन ताम्हणात सोडतात. एकदा सोडलं की ते परत घेता येत नाही. "या पोराच्या बापाच्या वाट्याचं जे काही वर लिहिलं असेल," ती गुरुजींना नाही, समोरच्या अग्नीला म्हणाली, "ते माझ्यावर येऊ दे."

गुरुजी म्हणाले, "आजी, असा संकल्प नसतो." ती ऐकत नव्हती. तिचा हात ताम्हणाकडे झुकायला लागला.

आणि मी झेपावलो. कसा, ते मला कळलं नाही. मांडीवरचं तबक उलटलं, अक्षता सांडल्या, बायको दचकून "अरे!" म्हणाली, आणि मी आईचं मनगट घट्ट धरलं होतं. "नको," मी म्हणत होतो. "नको, आई. नाही सोडायचं ते."

तिनं तिच्या धुरकट डोळ्यांनी माझा चेहरा शोधला.

"सोड हात," ती हळू आवाजात म्हणाली. "तू तर हे मानत नाहीस ना?"

मी मनगट धरून ठेवलं, आणि पाणी तिच्या बोटांच्या फटींतून ताम्हणात गळत राहिलं.